कडेने गळणारी वीज
ताळगाव पठारावरच्या प्रयोगशाळेत सीआयजीएसचे (तांबे, इंडियम, गॅलियम आणि सेलेनियमच्या पातळ थराचे) सौर सेल लहान करत गेलो, तसं व्होल्टेज घसरत गेलं. 5 मिमीचा चौकोन ठीक, 1 मिमीचा अगदीच मलूल. आधी पावसाळी दमटपणावर संशय घेतला. पण हिशेब साधा होता: क्षेत्रफळाच्या मानाने कड पाचपट झाली होती! सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर सेल वेगळे करायला सुईने ओरखडलेली कड दातेरी आणि मॉलिब्डेनमचे, म्हणजे तळाच्या धातूच्या थराचे, चमकते कण वरच्या थराला चिकटलेले. गळती तिथेच.

मग सुई सोडली. फोटोरेझिस्टचं (प्रकाशाने आकार देता येणाऱ्या लेपाचं) झाकण देऊन वरचा झिंक ऑक्साइडचा थर विरळ हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवला. मॉलिब्डेनमला हातच लावला नाही. अंधारात मोजलं तेव्हा उलट दिशेची गळती बरीच उतरली होती. उजेडात मोजताना मात्र सेलच्या मापाचं छिद्र असलेला मास्क लावाच, नाहीतर कडेबाहेरचा प्रकाशही हिशेबात येतो.