कॉम्पोझिट पॅनेलमध्ये ताणता येणारे सेन्सर जाळे कसे बसवावे

सिलिकॉन वेफरवर (चकतीवर) आधी एक तात्पुरता थर आणि त्यावर पॉलिइमाइड या प्लास्टिकचा पातळ थर पसरवून त्यावर धातूचे सेन्सर आणि नागमोडी तारा फोटोलिथोग्राफीने (प्रकाशाने नक्षी उमटवून) घडवतात. त्यानंतर तो खालचा तात्पुरता थर रसायनात विरघळवला की जाळे मोकळे होते आणि ताणल्यावर तारांची वळणे उलगडून सेन्सर एकमेकांपासून दूर सरकतात. दोन्ही दिशांनी दहापट ताणलेले जाळे शंभरपट क्षेत्र व्यापते. कॉम्पोझिट पॅनेल म्हणजे रेझिनने (कडक होणाऱ्या चिकट द्रवाने) जोडलेले फायबरच्या कापडाचे थर; त्यांत जाळ्याऐवजी सलग फिल्म घातल्यास दोन थरांमधील रेझिनची पकड तुटते आणि पॅनेल तिथूनच उकलू लागते. जाळ्याच्या मोकळ्या जागांतून मात्र रेझिन आरपार जाते.

प्रथम सेन्सरची जागा ठरवावी. पॅनेल वाकते तेव्हा जाडीच्या मध्यावर विकृती (ताणल्या-दाबल्यामुळे लांबीत होणारा बदल) जवळजवळ शून्य असते, म्हणून ती मोजणारे सेन्सर, म्हणजे स्ट्रेन गेज, मधोमध ठेवणे व्यर्थ आहे. ते पृष्ठभागाखालच्या पहिल्या आणि दुसऱ्या थरांच्या मध्ये ठेवावेत. तापमापक सेन्सरना हे बंधन नाही. कार्बन फायबर विद्युतवाहक असल्यामुळे उघड्या धातूला त्याचा स्पर्श होऊ देऊ नये. शिकणाऱ्याने ग्लास फायबरपासूनच सुरुवात करावी, हे बरे.

ताणलेले जाळे चौकटीवर धरून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावे, रेझिन लावलेल्या कापडावर अलगद टेकवावे आणि मगच चौकटीपासून कापावे. तारा पूर्ण सरळ होईपर्यंत ताणू नयेत, कारण शिल्लक राहिलेली वळणेच पुढे पॅनेलची विकृती सोसतात. नागपूरच्या मिहान औद्योगिक क्षेत्रात विमानांचे कॉम्पोझिट भाग बनवताना असते तशी नियंत्रित तापमानाची खोली महाविद्यालयीन कार्यशाळेत सहसा नसते, आणि तापमान सुमारे १० अंशांनी वाढले की इपॉक्सी रेझिन वापरण्याजोगे राहण्याचा अवधी साधारण निम्मा होतो. त्यामुळे नागपुरात मे महिन्यात हे काम पहाटे करावे आणि रेझिन थोडे थोडेच कालवावे.

बहुतेक जाळी निकामी होतात ती तारा पॅनेलच्या कडेतून बाहेर येतात तिथे. रेझिन तारेवर चढून कडक झाले की पुढच्या हाताळणीत तार नेमकी त्याच रेषेवर मोडते. म्हणून कडेपाशी तारांवर पातळ टेफ्लॉनची नळी चढवावी, तिचे बाहेरचे तोंड सीलंट टेपने बंद करावे, आणि पॅनेलच्या कडा कापताना करवत या बाजूला कधीही आणू नये; ही बाजू साच्यातच नेमक्या मापाची बनवावी.

मल्टीमीटरने प्रत्येक तारेचा रोध तीनदा नोंदवावा: जाळे ठेवल्यावर, व्हॅक्यूम दिल्यावर (पॅनेल बॅगेत बंद करून हवा काढल्यावर) आणि पॅनेल पक्के झाल्यावर. व्हॅक्यूम देताच रोध अनंत झाला, म्हणजे तार तुटली, तर रेझिन ओले असेपर्यंत बॅग उघडून पाहता येते. पक्के होताना इपॉक्सी आकुंचन पावते आणि गेजचे वाचन सरकते, म्हणून शून्य वाचन पॅनेल पूर्ण थंड झाल्यावरच घ्यावे, आणि त्या नोंदीशेजारी पॅनेलचे तापमानही लिहावे.