नव्या डेस्कटॉपवर रॅमचा वेग कमी दिसत असेल, तर काय तपासावे

नवा संगणक जोडून झाला, विंडोज बसले आणि उत्सुकतेने रॅमची चाचणी घेतली, तर आकडा अपेक्षेच्या निम्म्यावर आला, अशा वेळी स्टिक सदोष आहे असे मानून ती परत पाठवण्याची घाई करू नये. अशा संगणकांत बहुधा रॅम उत्तम असते; ती एकतर चुकीच्या खाचेत बसवलेली असते किंवा तिला पूर्ण वेगाने चालण्याची सूचनाच मिळालेली नसते. येथे उदाहरणासाठी एएमडीच्या एएम५ सॉकेटचा मदरबोर्ड, रायझन ७ ७७०० प्रोसेसर आणि १६ जीबीच्या दोन डीडीआर५-६००० सीएल३० स्टिक अशी जुळणी घेतली आहे (सीएल म्हणजे माहिती मिळेपर्यंत थांबावे लागणारे घड्याळाचे ठोके).

सर्वप्रथम आपल्या यंत्राकडून किती अपेक्षा ठेवायची, हे कागदावर मांडावे. डीडीआर५-६००० म्हणजे सेकंदाला ६००० दशलक्ष हस्तांतरणे; प्रत्येक हस्तांतरणात एका चॅनलमधून, म्हणजे रॅम आणि प्रोसेसरमधल्या एका वाटेतून, ८ बाइट जातात, म्हणून एका चॅनलची कमाल क्षमता सेकंदाला ४८ जीबी आणि दोन चॅनलची ९६ जीबी होते. हीच रॅम ४८०० च्या मूळ वेगाने चालली तर दोन चॅनलची कमाल ७६.८ जीबीवर येते, आणि त्यातही एकच चॅनल चालू असेल तर ३८.४ जीबीवर. चाचणीत ३५ च्या आसपास आकडा दिसत असेल, तर दोष कुठे शोधायचा हे या साध्या गुणाकारावरूनच कळते.

चाचणी घेताना ब्राउझर, गेम लाँचर आणि पार्श्वभूमीत चालणारे अपडेट बंद ठेवावेत, संगणक सुरू झाल्यावर काही मिनिटे थांबावे आणि एकाच सॉफ्टवेअरने तीन वेळा मोजावे. एडा६४ या मोजणीच्या सॉफ्टवेअरच्या मोफत चाचणी आवृत्तीत काही आकडे झाकलेले असतात, हे लक्षात ठेवावे. दोन वेगवेगळ्या सॉफ्टवेअरच्या आकड्यांची तुलना मात्र करू नये, कारण प्रत्येकाची मोजण्याची पद्धत निराळी असते.

त्यानंतर संगणकाच्या भागांची माहिती दाखवणारे सीपीयू-झेड हे सॉफ्टवेअर उघडून मेमरीचे पान पाहावे. तेथे रॅमची वारंवारता निम्मी दाखवली जाते, कारण डीडीआर रॅम घड्याळाच्या प्रत्येक ठोक्याला दोनदा माहिती पाठवते; त्यामुळे ३००० च्या जवळचा आकडा म्हणजे ६०००, आणि २४०० म्हणजे ४८००. हा निम्मा आकडा पाहून अनेकजण विनाकारण घाबरतात. त्याच पानावर चॅनलची नोंद असते: डीडीआर५ मध्ये प्रत्येक स्टिकचे ३२ बिटांचे दोन उपचॅनल असल्याने दोन्ही चॅनल चालू असताना ‘४ x ३२-बिट’ असे दिसते. तेथे ‘२ x ३२-बिट’ दिसल्यास एकच चॅनल काम करत आहे.

एक चॅनल असण्याचे नेहमीचे कारण म्हणजे दोन्ही स्टिक शेजारी-शेजारी बसवणे. चार खाचांच्या बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत, म्हणजे ए२ आणि बी२ मध्ये, स्टिक बसवायच्या असतात. तरीही आपल्या बोर्डाची पुस्तिका पाहूनच खात्री करावी. संगणक बंद करून, वायर काढून, स्टिक दोन्ही टोकांना नीट दाबून बसवावी. काही खाचांना एकाच बाजूला खटका असतो आणि त्यामुळे दुसरे टोक अर्धवट राहिलेले सहज लक्षात येत नाही.

आता वेगाची सूचना. खोक्यावर ६००० लिहिलेले असले तरी रॅम आपणहून त्या वेगाने सुरू होत नाही. बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन ईएक्सपीओ, किंवा इंटेलच्या बोर्डावर एक्सएमपी, हे जाहीर वेगाचे तयार प्रोफाइल निवडून जतन करावे लागते. याचा फायदा केवळ बँडविड्थपुरता, म्हणजे सेकंदाला जाणाऱ्या माहितीपुरता, नसतो. ४८०० वर सीएल४० असताना स्तंभ वाचण्याचा विलंब सुमारे १६.७ नॅनोसेकंद असतो, तर ६००० वर सीएल३० असताना तो १० नॅनोसेकंदांवर येतो, आणि गेममध्ये हा फरक अनेकदा बँडविड्थपेक्षा जास्त जाणवतो. प्रोफाइल जतन केल्यावर पहिल्यांदा संगणक सुरू होताना पडदा काही मिनिटे काळा राहू शकतो, कारण बोर्ड रॅमचे ट्रेनिंग करत असतो, म्हणजे नव्या वेगाशी तिचा मेळ बसवत असतो. त्या वेळी बटण दाबून संगणक बंद करू नये. बायोस अद्ययावत करायचे असेल आणि आपल्याकडे लाइट कधी जाईल याचा भरवसा नसेल, तर यूपीएस जोडल्याशिवाय ते काम हाती घेऊ नये.

एवढे करूनही ७७०० वर वाचनाचा वेग ६० जीबीच्या आसपासच थांबला, तर काहीही बिघडलेले नाही, आणि नेमकी हीच गोष्ट न कळल्याने लोक चांगली रॅम बदलत बसतात. या प्रोसेसरचे सर्व गाभे (कोअर) एकाच चिपलेटवर, म्हणजे प्रोसेसरमधल्या एका छोट्या चिपवर, असतात आणि ते चिपलेट इन्फिनिटी फॅब्रिक या अंतर्गत जोडणीमार्गे, रॅमशी व्यवहार सांभाळणाऱ्या मेमरी कंट्रोलरशी जोडलेले असते. ही वाट एका ठोक्याला ३२ बाइट वाचू शकते. फॅब्रिक २००० मेगाहर्ट्झवर असेल तर हिशेब ६४ जीबीवर संपतो, मग रॅमची क्षमता ९६ का असेना. रायझन ९ ७९५०एक्ससारख्या दोन चिपलेटच्या प्रोसेसरला अशा दोन वाटा मिळतात, म्हणून त्याच्या आकड्याशी आपली तुलना करणे न्याय्य नाही. मेमरी कंट्रोलरची वारंवारता मात्र रॅमइतकीच, म्हणजे ३००० मेगाहर्ट्झ, आहे ना हे जरूर पाहावे. ती १५०० दिसल्यास बायोसमध्ये १:१ गुणोत्तर निवडावे, नाहीतर लेटन्सी, म्हणजे विलंब, वाढते.

चार स्टिक बसवणाऱ्यांनी वेगळी अपेक्षा ठेवावी. रायझन ७००० मालिकेसाठी दोन स्टिकचा अधिकृत वेग ५२०० असला तरी चार स्टिकसाठी तो ३६०० च आहे, म्हणून ३२ जीबी हवे असतील तर १६ च्या दोनच घ्याव्यात आणि त्याही एकाच पाकिटातल्या.

वेग मनासारखा मिळाल्यावर रॅममधल्या चुका शोधणाऱ्या मेमटेस्ट८६ ची पूर्ण चाचणी रात्रभर चालवावी. चूक आढळल्यास प्रोफाइल बंद करून पुन्हा तपासावे. तरीही चूक राहिली तर एकेक स्टिक ए२ खाचेत बसवून पाहावी: चूक एकाच स्टिकबरोबर येत असेल तर ती वॉरंटीत बदलून घ्यावी. दोन्ही स्टिक ए२ मध्ये निर्दोष चालतात पण बी२ मध्ये ओळखल्याच जात नाहीत, असे असेल तर कूलरचे स्क्रू सर्व बाजूंनी सारखे कसले आहेत का ते पाहावे, आणि मग प्रोसेसर उचलून सॉकेटमधली एखादी पिन वाकलेली नाही ना, हे चांगल्या उजेडात तपासावे.