बीटीसीपे सर्व्हर: मुदत संपलेली पेमेंट लिंक एपीआयने नवी करून देताना

बिटकॉइनने पैसे घेण्यासाठी बीटीसीपे सर्व्हर हे स्वतःच चालवायचं सॉफ्टवेअर लावलं की ‘लिंक उघडतेय, पण एक्सपायर्ड दाखवतेय’ असा निरोप गिऱ्हाइकाकडून कधीतरी येतोच. इनव्हॉइसची, म्हणजे त्या लिंकमागच्या बिलाची, मुदत मुळात १५ मिनिटांची असते आणि संपलेली मुदत वाढवून घ्यायची सोय ग्रीनफील्ड एपीआयमध्ये (तुमच्या प्रोग्रॅमने बीटीसीपेशी बोलायच्या मार्गात) नाही. निघालेल्या इनव्हॉइसचा मेटाडेटा (ऑर्डर आयडीसारखी सोबतची माहिती) तेवढा बदलता येतो. त्यामुळे लिंक नवी करणे म्हणजे त्याच ऑर्डरचा दुसरा इनव्हॉइस काढणे. ते एका विनंतीत होतं. सांभाळायचं असतं ते जुन्या इनव्हॉइसवर उशिरा येणाऱ्या पैशांना.

मुदतच २४ तासांची ठेवली तर? तसं करू नका. इनव्हॉइस निघताना बिटकॉइनचा भाव गोठतो. दिवसभराची मुदत दिली की भाव पडल्यावर गिऱ्हाईक जुन्या भावाने कमी रुपयांत बिल भागवतं, आणि चढला तर नवी लिंक मागतं. दोन्हीकडून तोटा तुमचा. १५ ते ३० मिनिटं पुरे.

आधी एपीआय की (एपीआय वापरायची गुप्त किल्ली) तयार करा. एकाच स्टोअरपुरती द्या आणि तिला इनव्हॉइस तयार करणे, पाहणे व बदलणे एवढ्याच परवानग्या ठेवा. वेबहुक (इनव्हॉइसमध्ये काही घडलं की बीटीसीपे तुमच्या सर्व्हरला आपणहून पाठवतं तो निरोप) स्टोअरच्या सेटिंगमधून हाताने लावला तर त्याची परवानगी कीला द्यावी लागत नाही.

गिऱ्हाइकाला बीटीसीपेची चेकआउट लिंक कधीच थेट पाठवू नका. ईमेलमध्ये तुमच्या साइटवरचा कायमचा पत्ता द्या. त्यात अनुक्रमांकाऐवजी लांबलचक यादृच्छिक टोकन असावं, नाहीतर आकडा बदलून कोणीही दुसऱ्याचं बिल उघडेल. त्या पत्त्यावर कोणी आलं की डेटाबेसमधल्या त्या ऑर्डरच्या नोंदीवर लॉक घ्या (म्हणजे एका वेळी एकच विनंती तिला हात लावेल), शेवटच्या इनव्हॉइसची अवस्था एपीआयला विचारा आणि मग पुढचं ठरवा. लॉक विसरलात तर दोनदा क्लिक करणाऱ्याच्या हाती दोन चालू इनव्हॉइस पडतील.

अवस्था ‘न्यू’ असेल आणि मुदतीला तीनेक मिनिटांहून जास्त वेळ असेल तर त्याच चेकआउट लिंकवर पाठवा. मुदतीची वेळ युनिक्स सेकंदांत (१९७० च्या सुरुवातीपासून मोजलेल्या) येते, म्हणून तुमच्या सर्व्हरचं घड्याळ एनटीपीने, म्हणजे इंटरनेटवरून वेळ जुळवणाऱ्या सेवेने, जुळवलेलं हवं. ‘प्रोसेसिंग’ म्हणजे पैसे आलेत, पक्के व्हायचेत. इथे नवीन लिंक देणं म्हणजे दुप्पट पैसे मागणं. ‘सेटल्ड’ म्हणजे पैसे पक्के झाले; तिथे पावती दाखवा.

‘इनव्हॅलिड’ फसवी आहे. व्यवहार पाठवला गेला, पण फी कमी असल्याने ठरलेल्या वेळेत पक्का झाला नाही, अशा वेळीही हीच अवस्था लागते. तो व्यवहार नंतर ब्लॉकमध्ये जाऊन पक्का होऊ शकतो. आपोआप नवा इनव्हॉइस न काढता प्रकरण माणसाकडे पाठवा.

आता ‘एक्सपायर्ड’. नुसती अवस्था वाचून थांबू नका, सोबतची अतिरिक्त अवस्थाही वाचा. ती ‘नन’ असेल तरच पूर्ण रकमेचा नवा इनव्हॉइस काढा. ‘पेड पार्शियल’ असेल तर पेमेंट मेथड्सच्या विनंतीतून आलेली रक्कम आणि त्या वेळचा भाव घ्या, गुणाकार करून किती रुपये जमा झाले ते काढा आणि फक्त बाकीचा इनव्हॉइस द्या. ‘पेड लेट’ म्हणजे पूर्ण रक्कम आली, पण उशिरा. तेव्हा व्यवहार पक्का झाल्याचं बघून, त्या वेळचा भाव तुम्हाला मान्य आहे का ते ठरवा आणि मगच इनव्हॉइसला सेटल्डची खूण लावा.

किरकोळ कमी रक्कम बहुतेकदा एक्सचेंजमधून पाठवताना तिथली फी कापली गेल्यामुळे येते. स्टोअरमध्ये एक टक्का पेमेंट टॉलरन्स (एवढी कमी रक्कमही पूर्ण धरायची सूट) ठेवला तर यातली बरीच डोकेदुखी मिटते.

नवा इनव्हॉइस काढताना स्टोअरच्या इनव्हॉइसेस मार्गावर पोस्ट विनंती जाते. त्यात रक्कम, चलन, मेटाडेटात तोच ऑर्डर आयडी आणि चेकआउटखाली मुदतीची मिनिटं भरा. मेटाडेटात जुन्या इनव्हॉइसचा आयडीही टाका. तुमच्या डेटाबेसमध्ये मात्र जुन्या आयडीवर नवा लिहू नका. एका ऑर्डरला अनेक इनव्हॉइस अशी वेगळी तालिका हवी. याचं कारण असं, की जुना बिटकॉइन पत्ता मुदतीनंतरही तुमच्याच वॉलेटचा असतो आणि बीटीसीपे मूळ सेटिंगप्रमाणे मुदतीनंतर आणखी २४ तास त्यावर लक्ष ठेवतं. क्यूआरचा स्क्रीनशॉट घेऊन ठेवणारे असतातच. जुन्यावर पैसे आले की नव्या इनव्हॉइसला इनव्हॅलिडची खूण करा. हाताने कोणत्या अवस्था लावता येतील त्याची यादी इनव्हॉइसच्या उत्तरातच येते, ती आधी तपासा. लाइटनिंगवर (बिटकॉइनच्या झटपट पेमेंटच्या जाळ्यावर) हा प्रश्न नाही: मुदत संपली की पेमेंटच होत नाही.

वेबहुकची सही मूळ बाइट्सवरून एचमॅक-शा२५६ने (गुप्त शब्द वापरून सही काढायच्या पद्धतीने) तपासा. फ्रेमवर्कने जेसन (निरोपातला मजकूर ज्या रचनेत येतो ती) उलगडून पुन्हा बांधला की सही जुळत नाही; ‘सगळं बरोबर आहे तरी नाकारतंय’ या तक्रारीमागे बहुधा हेच निघतं. तुमचा सर्व्हर बंद असेल तर बीटीसीपे १० सेकंदांनी, मग एका मिनिटाने, मग दर १० मिनिटांनी सहा वेळा पुन्हा पाठवतं. फेरपाठवणीला डिलिव्हरी आयडी नवा मिळतो, म्हणून दुबार नोंद ओळखताना मूळ डिलिव्हरी आयडी बघा. वेबहुक हा फक्त इशारा समजा. माल सोडण्याआधी इनव्हॉइस एपीआयवरून पुन्हा वाचा.

दर नव्या इनव्हॉइसबरोबर नवा पत्ता खर्ची पडतो. ओळीने वीसपेक्षा जास्त पत्ते रिकामे राहिले आणि तेच वॉलेट नंतर इलेक्ट्रम या वॉलेट ॲपमध्ये उघडलं, तर पुढच्या पत्त्यांवरचे पैसे दिसत नाहीत. पैसे गेलेले नसतात, गॅप लिमिट (ओळीने किती रिकाम्या पत्त्यांपर्यंत शोधायचं ती मर्यादा) वाढवलं की दिसतात. तरी एका ऑर्डरला तासाला पाच नव्या लिंक अशी मर्यादा घाला, आणि लेझी पेमेंट मेथड्स ही सेटिंग चालू ठेवा, म्हणजे चेकआउट उघडेपर्यंत पत्ता घेतलाच जाणार नाही.

चाचणी रेजटेस्टवर (स्वतःच्या संगणकावरच्या खोट्या बिटकॉइनच्या जाळ्यावर), एका मिनिटाची मुदत ठेवून करा. आधी अर्धे पैसे, मग मुदतीनंतर पूर्ण पैसे, मग जुन्या आणि नव्या दोन्हींवर पैसे. तिसऱ्या प्रकारात जास्तीची रक्कम परत कशी करायची, ते लिंक चालू करण्याआधीच ठरलेलं असू द्या.