लोहगावच्या हवाई तळाचा इतिहास लिहायचा तर कागद कुठे शोधायचे

पुण्याच्या लोहगाव तळाविषयी ‘१९३९ साली स्थापना’ ही ओळ सगळीकडे सापडते आणि बहुतेक लेख तिथेच फसतात. तळाला एकच जन्मतारीख नसते. जमीन ताब्यात कधी आली, धावपट्टी वापरात कधी आली, हवाई दलाचं स्टेशन म्हणून कागदावर नाव कधी लागलं आणि कुठली स्क्वाड्रन, म्हणजे विमानांची तुकडी, कधी उतरली, या चार तारखा वेगळ्या आणि त्यांची दप्तरंही वेगळी. म्हणून पहिल्याच दिवशी वहीत चार रकाने आखा: जमीन, धावपट्टी, स्टेशन, स्क्वाड्रन. हाती आलेली तारीख कुठल्या रकान्यातली हे ठरत नसेल, तर ती पेन्सिलीनेच लिहा.

सुरुवात जमिनीपासून करा. विमानांची माहिती जास्त आकर्षक वाटते हे खरं, पण महसूल खात्याचा कागद सहसा सर्व्हे नंबर आणि तारखेसकट बोलतो. युद्धकाळात जमीन दोन वाटांनी जात असे. एक म्हणजे १८९४चा भूसंपादन कायदा: कलम ४ आणि कलम ६च्या अधिसूचना मुंबई सरकारच्या राजपत्रात, आणि त्यानंतर निवाडा, म्हणजे क्षेत्र आणि भरपाई ठरवणारा आदेश. दुसरी वाट १९३९च्या भारत संरक्षण कायद्याखालची, म्हणजे आधी ताबा आणि मालकीचं पुढे बघू. दुसऱ्या वाटेने गेलेल्या जमिनीचं रीतसर संपादन पुष्कळदा काही वर्षांनी, १९५२च्या अधिग्रहण व संपादन कायद्याखाली झालं. त्यामुळे निवाड्याची तारीख पन्नासच्या दशकातली दिसली म्हणून तळ तेव्हा झाला असं समजू नका. ताबापावती निवाड्याहून जुनी असू शकते.

फेरफार नोंदवही, म्हणजे जमिनीच्या हक्कांतले बदल नोंदवणारा गाव नमुना ६, हवेली तालुक्याच्या अभिलेख कक्षात मागा. जुन्या नोंदींची स्कॅन केलेली पानं ‘आपले अभिलेख’ या सरकारी संकेतस्थळावरही मिळू शकतात. लोहगावपुरतं थांबू नका. कळस, धानोरी, वडगाव शेरीचे फेरफारही चाळा. सोबतचे अर्ज-जबाब मोडीत निघाले तर वाचणारा जाणकार गाठा, अंदाजाने लावू नका.

क्षेत्र वाचताना मोठी चूक इथे होते. जुन्या नोंदीत ‘१२-२०’ असं लिहिलेलं असतं. ते १२ एकर २० गुंठे आहेत, १२.२० एकर नव्हेत. ४० गुंठ्यांचा एकर, म्हणजे ते साडेबारा एकर झाले. पुढच्या दशमान पद्धतीच्या नोंदीत तशीच दिसणारी जोडी हेक्टर-आर असते. पानाच्या डोक्यावरचं एकक वाचल्याशिवाय बेरीज केली, तर तळ कागदावर अडीचपट फुगतो किंवा आटतो.

निवाड्याची प्रत मिळत नसेल तर जिल्हाधिकारी कार्यालयाच्या भूसंपादन शाखेत माहिती अधिकाराचा अर्ज टाका. राज्याच्या नियमांप्रमाणे १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांच्या आत. मागणी नेमकी ठेवा: गाव, सर्व्हे नंबर, सालांची मर्यादा. ‘तळाची संपूर्ण माहिती द्यावी’ असं लिहिलं की कलम ८(१)(अ), म्हणजे सुरक्षेचं कारण, पुढे करून अर्ज परत येतो. वीस वर्षांहून जुनी माहिती खुली होते असं समजून अनेकजण भांडत बसतात. पण कलम ८(३)ची ती सवलत सुरक्षेच्या अपवादाला लागू नाही.

स्क्वाड्रनच्या रकान्यासाठी १५ ऑगस्ट १९४७ ही सीमा धरा. त्याआधीच्या रॉयल एअर फोर्सच्या नोंदी लंडनजवळ क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत: ‘एअर २७’ मालिकेत स्क्वाड्रनच्या आणि ‘एअर २८’मध्ये स्टेशनांच्या ऑपरेशन्स रेकॉर्ड बुक, म्हणजे रोजच्या कामाच्या नोंदवह्या. ‘लोहगाव’ शोधून तिथे फारसं हाती लागत नाही. स्टेशनचं नाव ‘पूना’ होतं. फॉर्म ५४० म्हणजे दिवसवार गोषवारा, फॉर्म ५४१ म्हणजे उड्डाणांचा तपशील. ५४०मध्ये ‘आगमन’ दिसलं की घाई नको. सामान आणि जमिनीवरची माणसं आधी पोचतात, विमानं मागून येतात. विमान खरंच कधी उतरलं ते ५४१वरून ताडून पाहा.

स्वातंत्र्यानंतरच्या नोंदींसाठी संरक्षण मंत्रालयाचा इतिहास विभाग आणि दिल्लीचं राष्ट्रीय अभिलेखागार. या काळातला नेहमीचा घोळ म्हणजे स्क्वाड्रनचा इतिहास तळाच्या नावावर चढवणं. सुखोई-३० लोहगावला १९९७ला आलं की २००२ला, यावर वाद घालणारे दोघेही बरोबर असतात. ११ जून १९९७ला २४ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये दाखल झालं ते सुखोई-३०के. २७ सप्टेंबर २००२ला २० क्रमांकाच्या स्क्वाड्रनकडे आलं ते सुखोई-३० एमकेआय, म्हणजे भारतासाठी घडवलेलं सुधारित रूप. २० स्क्वाड्रनचा जन्म मात्र १९५६चा. तो लोहगावच्या खात्यात धरायचा नाही.

धावपट्टीसाठी नकाशे. सर्व्हे ऑफ इंडियाचा जुना इंची (एका इंचाला एक मैल) नकाशा, पत्रक ४७ एफ/१४, मिळवा. २००५च्या नकाशा धोरणानंतरच्या खुल्या पत्रकांत लष्करी जागा गाळलेल्या असतात, त्यामुळे नवा नकाशा जितका स्वच्छ तितका या कामाला निरुपयोगी. साठच्या दशकासाठी ‘कोरोना’ या अमेरिकी हेर-उपग्रहाची छायाचित्रं बघा. ती १९९५ साली खुली झाली आणि अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षणाच्या संकेतस्थळावर शोधता येतात. ती क्यूजीआयएस या नकाशांच्या संगणक प्रणालीत बसवताना मुळा-मुठेचा संगम, रेल्वेपूल, जुने चौक अशा न हललेल्या किमान सहा खुणा चारी बाजूंना पसरून घ्या. सगळ्या खुणा शहराकडच्या अंगाला घेतल्या तर तळाकडची बाजू तिरकी बसते. मग दिशा मोजा: मुख्य पट्टी १०/२८, म्हणजे चुंबकीय उत्तरेपासून साधारण १०० आणि २८० अंश. आजची लांबी सुमारे २,५३५ मीटर. ब्रिटिश कागदांत लांबी यार्डांत असते; २,००० यार्ड म्हणजे १,८२९ मीटर. यार्डाचे मीटर समजून घेतले की नसलेला ‘विस्तार’ इतिहासात शिरतो.

युद्धकाळातल्या वर्तमानपत्रांवर भिस्त ठेवू नका. सेन्सॉरमुळे ‘केसरी’, ‘ज्ञानप्रकाश’, ‘सकाळ’मध्ये तळाची थेट बातमी क्वचितच. जाहिराती आणि कोर्टाच्या नोटिसा मात्र वाचा. नुकसानभरपाईचे दावे तिथे डोकावतात.

गावातल्या जुन्या माणसांना साल विचारू नका, साल चुकतंच. ‘पानशेतच्या आधी की नंतर?’ असं विचारा; धरण फुटलं १२ जुलै १९६१ला आणि ती तारीख पुणेकराच्या अंगात मुरलेली आहे. कोयनेचा भूकंप, ११ डिसेंबर १९६७, ही दुसरी खूण. ‘आमचं रान कुंपणात गेलं तेव्हा विहीर कुठे होती?’ हा प्रश्न तर सोन्यासारखा, कारण विहीर जुन्या नकाशावर सापडते आणि आठवण लगेच तपासता येते.

फोटोंचा मोह मात्र टाळा. तळ १९२३च्या शासकीय गुपिते कायद्याखाली निषिद्ध जागा आहे, आणि नागरी विमानातून चढता-उतरतानाही इथे चित्रीकरणाला मनाई आहे. लेखाला चित्र हवंच असेल तर जुन्या फेरफाराच्या पानाची नक्कल लावा, शेतकऱ्यांची नावं झाकून.