अमेरिकी कॉलेजच्या महिला बास्केटबॉलमध्ये असिस्टंट कोच व्हायचंय?

सुरुवात बहुधा ग्रॅज्युएट असिस्टंट म्हणून होते: मास्टर्स करता करता संघाचं काम. दुसरी वाट व्हिडिओ कोऑर्डिनेटर किंवा ऑपरेशन्सची. विमान, हॉटेल, जेवण बघणारी ही माणसं दुर्लक्षित राहतात, पण मुख्य प्रशिक्षकाचा विश्वास तिथेच कमावला जातो.

खरी परीक्षा स्काउटिंगची. प्रतिस्पर्ध्याचे शेवटचे चार-पाच सामने बघा. प्रत्येक खेळाडू कोणत्या हाताने ड्राइव्ह करते (चेंडू घेऊन बास्केटकडे घुसते), टाइमआउटनंतर कोणता सेट (ठरवलेली चाल) येतो, बाजूच्या रेषेवरून चेंडू आत कसा येतो, हे टिपा. रिपोर्ट एका पानात बसवा. नवखे इथेच घसरतात: वीस मुद्दे देतात आणि खेळाडूंच्या डोक्यात एकही राहत नाही. प्रत्येक खेळाडूला तिच्यासमोरच्या प्रतिस्पर्धी खेळाडूबद्दल दोनच गोष्टी सांगा आणि त्या सरावात चालवून दाखवा.

दुसरी बाजू रिक्रूटिंग, म्हणजे नव्या खेळाडूंना आपल्या कॉलेजकडे वळवणं. त्यासाठी कॅम्पसबाहेर जाण्याआधी एनसीएएची (कॉलेज खेळांची नियामक संस्था) नियमांची परीक्षा दरवर्षी पास व्हावी लागते. डिव्हिजन वनमध्ये (कॉलेज खेळांचा सर्वात वरचा गट) 2023 पासून दोन जादा प्रशिक्षकांची सोय झाली, म्हणून दारं थोडी उघडली आहेत. कोणत्या काळात खेळाडूला भेटता येतं, याचं कॅलेंडर पाठच हवं. चुकीच्या दिवशीची भेट संघाला महागात पडते.

नोकऱ्या ओळखीतून फिरतात, म्हणून महिला फायनल फोरच्या (राष्ट्रीय स्पर्धेतल्या शेवटच्या चार संघांच्या लढती) वेळी भरणारं प्रशिक्षकांचं अधिवेशन चुकवू नका. घाईही नको: जॅन जेन्सन 2000 पासून आयोवा विद्यापीठात मुख्य प्रशिक्षक लिसा ब्लूडर यांच्या हाताखाली होत्या, मुख्य प्रशिक्षक झाल्या 2024 मध्ये.