बोटीचं इंजिन तापतंय? गाळाच्या पाण्यात शोध खालून वर घ्या

आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून लावलेल्या इंजिनाबरोबर मिळणारं पुस्तक बहुधा समुद्र डोळ्यासमोर ठेवून लिहिलेलं असतं. मिठाचे थर, गोड्या पाण्याने धुणं, गंज यांवरच त्यात भर. नाथसागर, माजलगाव, येलदरी, विष्णुपुरी या मराठवाड्यातल्या जलाशयांत मीठ नाही. इथले वैरी वेगळे: गाळ, शेवाळ, जलपर्णी आणि जाळ्याचा तंगूस, म्हणजे नायलॉनचा चिवट धागा. त्यात नाथसागर परातीसारखा पसरट. उन्हाळ्यात पाणी मागे सरकतं, उघड्या पडलेल्या जमिनीत लोक गाळपेरा करतात आणि बोट लावायच्या जागी गुडघाभर पाणी आणि खाली चिखल एवढंच राहतं. तिथे पंखा फिरवला की इंजिन पाण्याबरोबर गाळही ओढतं. तापायची सुरुवात बहुतेक वेळा इथूनच होते, बेचाळीस अंशांच्या उन्हामुळे नव्हे.

इंजिन थंड कसं होतं, तेवढं आधी समजून घ्या. या इंजिनाला रेडिएटर नसतो. पाण्यात बुडालेल्या खालच्या भागावर बारीक जाळी असते, तिथून पाणी आत शिरतं. तिच्या वर पंप, त्यात रबरी पाकळ्यांचा इंपेलर. तो पाणी वर ढकलतो, पाणी सिलिंडरभोवती फिरतं आणि बरंचसं धुराबरोबर खाली निघून जातं. थोडंसं मागच्या बारीक भोकातून धारेने बाहेर पडतं. इंजिन चालू असेपर्यंत दर थोड्या वेळाने मान वळवून ही धार बघायची सवय लावून घ्या. इंजिन तापल्याचा इशारा देणारा भोंगा वाजेपर्यंत थांबलात तर उशीर झालेला असतो, आणि जुन्या इंजिनांना भोंगाच नसतो.

पाण्यात असताना

धार बारीक झाली, तुटली किंवा वाफ दिसली, की वेग कमी करा, बोट वाटेतून बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. उघड्या पाण्यात वारा बोट ढकलत नेतो, म्हणून नांगर टाका आणि लाइफ जॅकेट अंगातच ठेवा. ‘काठ जवळच आहे, जाऊ तसंच’ हा विचार पिस्टन जाम करतो. वल्हं असतं कशासाठी?

आता चावी किंवा सुरक्षा दोरी काढून इंजिन वर उचला. जाळीवर जलपर्णीची मुळं, प्लॅस्टिकची पिशवी, शेवाळ चिकटलं असेल तर हाताने ओढून काढा. पंख्याच्या मागे तंगूस गुंडाळला गेलाय का, तेही बघा. तो तापण्याचं कारण सहसा नसतो, पण आत सरकला तर दांड्याचं सील कापतो आणि गिअरच्या तेलात पाणी जातं. धारेच्या भोकात गवत कापायच्या यंत्राची नायलॉन दोरी घालून हलवा. पुष्कळदा भोकच गाळाने बुजलेलं असतं आणि इंजिन बिचारं ठीक असतं. लोखंडी तार जोरात खुपसू नका.

तापलेल्या इंजिनावर बादलीभर थंड पाणी ओतायचं नाही, धातूला तडा जातो. झाकण काढून आपोआप निवू द्या. मग सुरू करून बघा. धार आली आणि हाताला कोमट लागली, तर हळू वेगात काठ गाठा. नाही आली, तर लगेच बंद करा आणि वल्हं घ्या.

काठावर, पंपापासून

जाळी आणि भोक साफ असूनही धार कमजोर असेल, तर पहिला संशय इंपेलरवर. गाळ त्याच्या रबराला घासून खातो आणि कोरडं इंजिन काही सेकंद जरी फिरवलं तरी पाकळ्या जळतात. ‘फक्त सुरू होतंय का बघू’ म्हणून अंगणात दोरी ओढणारे यातच फसतात.

स्पार्क प्लगच्या टोप्या काढा, बॅटरी असेल तर तिची वायर सोडा. खालच्या भागाचे बोल्ट काढा. काही इंजिनांत एक बोल्ट पंख्यावरच्या छोट्या पात्याखाली लपलेला असतो. तो न सापडता हातोडी चालवली तर खालच्या भागाचं कवच फुटतं. गिअरची कांडी सोडवून भाग सरळ खाली ओढा. पंपाचं झाकण उघडलं की इंपेलर दिसेल. पाकळ्या एका बाजूला वाकून तशाच ताठ झाल्या असतील, टोकं झिजली असतील किंवा चिरा पडल्या असतील, तर नवा घाला. पाकळी तुटलेली असेल तर तो तुकडा शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका. तो वर पाण्याच्या वाटेत अडकलेला असतो आणि नवा इंपेलर घालूनही इंजिन तापत राहतं. पंपाची वाटी आणि खालची पत्रीही बोटाने चाचपा. नखाला ओरखडे लागत असतील तर अख्खा किट बदलणं परवडतं.

बसवताना पाकळ्यांना ग्लिसरीन किंवा साबणाचं पाणी लावा, ऑइल नको. दांड्यावरची छोटी चावी, म्हणजे इंपेलरला दांड्याबरोबर फिरवणारा धातूचा तुकडा, खाचेत बसली आहे ना, बघा. ती मातीत पडली की संध्याकाळ गेलीच. झाकण दाबताना दांडा वरून पाहता घड्याळाच्या दिशेने फिरवत राहा, पाकळ्या योग्य बाजूला वाकतात. खालचा भाग परत चढवताना पाण्याची नळी तिच्या रबरात नीट शिरली पाहिजे. इथली चूक हमखास होते.

चाचणी ड्रममध्ये घ्या. पाणी पंख्यावरच्या आडव्या पट्टीच्या वर असू द्या आणि इंजिन न्यूट्रलमध्येच ठेवा.

थर्मोस्टॅट काढून फेकू नका

थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन पुरेसं तापेपर्यंत पाणी अडवून धरणारी झडप. ट्रॅक्टर-जीपच्या गॅरेजमध्ये सर्रास सल्ला मिळतो, ‘काढून टाका, कटकट नको.’ आउटबोर्डमध्ये तसं केलं तर इंजिन सतत थंड चालतं, इंधन नीट जळत नाही, प्लग काळे पडतात. त्यापेक्षा तपासा. थर्मोस्टॅट दोऱ्याने पातेल्यातल्या पाण्यात तळाला न टेकता लटकवा, शेजारी थर्मामीटर धरा आणि पाणी तापवा. त्यावर कोरलेल्या आकड्याच्या आसपास तो उघडायला हवा आणि निवल्यावर मिटायला हवा. नाही उघडला, तर नवा. बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅट अडकला तरी मागची धार जोरात येत राहते, म्हणून धार चांगली असूनही भोंगा वाजत असेल तर आधी इथे या.

हेही ठीक असेल, तर इंजिन बोटीवर किती उंचीवर बसवलंय ते पाहा. पंख्यावरची आडवी पट्टी बोटीच्या तळाच्या रेषेत किंवा जरा खाली हवी. वर असेल तर लाटांत जाळी हवा ओढते. टू-स्ट्रोक इंजिन असेल तर पेट्रोलमध्ये मिसळायच्या ऑइलचं प्रमाणही बघा. पुस्तकात ५०:१ लिहिलं असेल तर लिटरला २० मिली, अंदाजाने ओतलेलं झाकणभर नव्हे.

प्लग काढल्यावर त्यावर पाण्याचे थेंब दिसले किंवा एका सिलिंडरचं कॉम्प्रेशन (आतला दाब) पडलं असेल, तर बहुधा हेड गॅस्केट, म्हणजे सिलिंडर आणि त्यावरच्या हेडमधलं सील, गेलं. ते काम घरी करू नका, आउटबोर्ड उघडलेल्या माणसाकडेच द्या. इंपेलरचा जास्तीचा किट मात्र पाणी आटायच्या आधीच आणून ठेवा. ऐन उन्हाळ्यात तो मागवायचा म्हणजे बोट काठावर आणि मासेमारीची जाळी पाण्यात.