ऑफिसचा ई-कचरा काढताय? या चुका टाळा

महापे असो की वागळे इस्टेट, ऑफिस हलवायचं ठरलं की अ‍ॅडमिनचा पहिला फोन भंगारवाल्याला जातो. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच.

महाप्यातल्या एका कंपनीला महिनाअखेरीस जागा सोडायची होती. जुने सीपीयू, मॉनिटर, सर्व्हर किलोच्या भावाने टेम्पोत चढले. भंगारवाल्याने रिसायकलरचं प्रमाणपत्रही दिलं, म्हणून सगळे निर्धास्त. पुढे ऑडिटला त्यावरचा नोंदणी क्रमांक तपासला, तर तो भलत्याच कंपनीचा निघाला. माल कुठे गेला, कुणालाच सांगता येईना. तेव्हा कुठे हार्ड डिस्कमधली पगारपत्रकं आणि ग्राहकांच्या याद्या आठवल्या. ‘फॉरमॅट केल्या होत्या’ एवढंच आयटीवाले सांगत राहिले. क्विक फॉरमॅटने डेटा पुसला जात नाही, तो परत काढता येतो.

गाडी बोलवायच्या आधी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर रिसायकलरचं नाव आणि पत्ता मी स्वतः बघते. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या पीडीएफवर विसंबत नाही. डिस्कचे सिरीयल नंबर लिहून घेते आणि आपल्याच आवारात त्यांना ड्रिलने भोकं पाडून घेते. एसएसडी, म्हणजे चिपवर डेटा ठेवणारी डिस्क असेल, तर आतली चिप फुटली पाहिजे. ‘इतका वेळ कुठे आहे’ म्हणणाऱ्या नवख्यांचं मी ऐकत नाही. चार पैसे जास्त मिळाले म्हणून दिलेल्या मालातल्या वायरी कुठेतरी तांब्यासाठी उघड्यावर जाळल्या जातात आणि तो धूर एखाद्या मजुराच्या छातीत जातो.

‘आम्ही बल्क कन्झ्युमर (मोठे वापरकर्ते) नाही’ हे फक्त कॉम्प्युटर मोजून ठरवू नका. १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांत, आर्थिक वर्षात कधीही त्या नियमांच्या यादीतली किमान १,००० उपकरणं वापरात असली की तुम्ही त्यात येता. प्रिंटर, एसी, टेबलावरचे फोन, पाऱ्याच्या ट्यूबसुद्धा मोजा. मग माल नोंदणीकृत उत्पादक, रिफर्बिशर (जुनी उपकरणं दुरुस्त करून पुन्हा वापरात आणणारा) किंवा रिसायकलरलाच द्यावा लागतो.

यूपीएसच्या बॅटऱ्या याच ढिगात टाकू नका. त्यांचे २०२२ चे नियम वेगळे आहेत.

ट्यूब फोडून पोत्यात भरू नका, पारा बाहेर पडतो.

‘जुना माल १ टेम्पो’ अशी पावती घेऊ नका. नग, वजन, तारीख आणि गाडी नंबर त्यावर हवेतच, आणि अ‍ॅसेट रजिस्टरमधून (कंपनीच्या मालमत्तेच्या नोंदवहीतून) त्या मालाची नोंद त्याच दिवशी काढून टाका.